सव्वा महिना खाटेवर नको

पत्र (थोडक्यात, लिहिणारीच्या परवानगीने):

डॉक्टरताई, मी २८ वर्षांची. भांडुपला राहते, लग्नाला आठ महिने झाले. २१व्या वर्षी पीसीओडीसाठी पाळी नियमित करायच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात डाव्या पायात रक्ताची गुठळी झाली. सहा महिने औषध घेतलं, मग बंद केलं. तीन वर्षांपूर्वी पुन्हा झाली, या वेळी फुप्फुसात. तेव्हा कळलं की माझ्या रक्तात प्रोटीन एस जन्मापासून कमी आहे. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी रोज घेते. माझे बाबा ३८व्या वर्षी अचानक गेले, हार्ट अटॅक असं सांगितलं होतं. नवऱ्याला मी लग्नाआधीच सगळं सांगितलंय. पण सासूबाईंना कळू द्यायचं नाही, असं आईने बजावलंय. आता मला पाच आठवडे झालेत. बाळालाही हे होईल का? आई म्हणते, बाळंतपणाला दापोलीला ये, सव्वा महिना तुला जमिनीवर पाय ठेवू देणार नाही. धाकट्या बहिणीची तपासणी करायलाही ती तयार नाही, तिचं लग्न व्हायचंय म्हणून. मी काय करू?

---

प्रिय मुली,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला होता. आज त्याबद्दल पुन्हा लिहिते आहे, कारण हे सदर वाचणारी दुसरी एखादी मुलगी आत्ता तिथेच उभी असेल. वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल या रक्त पातळ करायच्या गोळ्या वारेतून बाळापर्यंत पोचतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाचं नाक, हाडं घडत असतात, आणि याच काळात या गोळ्यांनी इजा होऊ शकते. म्हणून पाळी चुकल्याची शंका आली की दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, कारण मग आईच्या जिवाला धोका होतो. गोळी थांबते आणि त्याच वेळी त्याच कामाचं हेपॅरिनचं इंजेक्शन सुरू होतं, मधे रिकामा दिवस नाही. नव्या प्रकारच्या, रक्त तपासायला न लागणाऱ्या गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत. तू वेळेत पोचलीस, सहावा आठवडा लागायच्या आत तुझं औषध बदललं, याचं मला फार समाधान आहे.

आता बाकीचं सावकाश बोलू.

आधी नावाचा घोळ मिटवते, कारण गेल्या आठवड्यात तू कळवलंस की आईने प्रोटीन पावडरचे दोन डबे धाडले आहेत. तिची माया मला कळते, पण या प्रोटीनचा डाळ-अंड्यांशी संबंध नाही. प्रोटीन एस आपल्या यकृतात तयार होतं. त्यातला एस म्हणजे सिएटल, अमेरिकेतलं शहर, जिथे ते पहिल्यांदा सापडलं. रक्त गोठायला लागलं की कुठेतरी त्याला लगाम घालावा लागतो, नाहीतर बोट कापल्यावर झालेली गुठळी वाढतच जाईल. तो लगाम घालणाऱ्या प्रोटीन सीचा हा मदतनीस. तुझ्यात तो जन्मतःच कमी आहे. खाऊन तो वाढत नाही, आणि काही खाल्लं नाही म्हणून तो कमी झालेला नाही. एका जनुकात फरक आहे आणि तो आईकडून किंवा बाबांकडून आला आहे. १९८४ साली घराण्यात चालत येणारी ही कमतरता पहिल्यांदा नोंदवली गेली. म्हणजे तुझ्या आजोबांच्या पिढीत कुणी असं गेलं असेल, तर त्याला नाव द्यायला तेव्हा कुणाकडे शब्दच नव्हता.

बाबांनाही हेच झालं असेल का, असं तू विचारलंयस. फुप्फुसात मोठी गुठळी जाऊन होणारा मृत्यू आणि हार्ट अटॅक बाहेरून सारखेच दिसू शकतात. पण इतक्या वर्षांनी, कागदपत्रांशिवाय, मी काहीही ठामपणे म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस. आईसमोर तर नकोच. तिला त्यातून एवढंच ऐकू येईल की वेळेत कळलं असतं तर ते वाचले असते.

बाळाला होईल का? पन्नास टक्के. दर गरोदरपणात तेवढीच शक्यता, मुलगा असो की मुलगी. बरंचसं भय या आकड्याचं आहे, म्हणून त्याचा दुसरा अर्धाही ऐक: ज्यांच्यात हा फरक असतो त्यांतल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर एकही गुठळी होत नाही. लहानपणी तर ती फारच क्वचित होते. जन्मल्या जन्मल्या बाळाला घाईने टोचून तपासायची गरज नसते, आणि तान्ह्या बाळात या प्रोटीनचं प्रमाण तसंही कमीच असतं. आईवडील दोघांमध्येही हा दोष असेल तेव्हा मात्र बाळाला जन्मतःच गंभीर त्रास होऊ शकतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तुम्ही दोघं नात्यातले नाही, तेव्हा तुला ही काळजी नको.

आता सुयांबद्दल. सकाळ-संध्याकाळ न्हाणीघरात कडी लावून सुई घेतेस, रिकाम्या सिरिंज मिठाईच्या खोक्यात घालून कपाटात कपड्यांखाली ठेवतेस, हे वाचून मला वाईट वाटलं. एक बेडरूमच्या घरात नऊ महिने हे जमणार नाही. जमलं तरी तू खचशील.

सुई किंवा औषध बाळाला लागेल, या तुझ्या भीतीचं आधी सांगते. सुई लागते ती कातडीखालच्या चरबीत. तिची लांबी अर्ध्या इंचाच्या आसपास. तिच्यापुढे स्नायू, मग पिशवीची जाड भिंत, मग पाणी आणि मग बाळ. आणि औषधाचे कण इतके मोठे असतात की ते वार ओलांडत नाहीत. म्हणजे सुईही पोचत नाही आणि औषधही नाही. बेंबीपासून निदान दोन इंच लांब, चिमटीत कातडी धरून सरळ टोचायची, औषध पूर्ण जाईपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही, चोळल्यानेच निळे डाग वाढतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायच्या नादात औषध सांडतं, तो तसाच राहू दे. तुझं वजन वाढेल तशी मात्राही वाढवावी लागेल, ते डॉक्टर बघतील. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाक आणि तो डबा तपासणीच्या वेळी रुग्णालयात दे. घरच्या कचऱ्यात नको. तो कचरा कुणीतरी हातांनी उपसतं.

सासूबाईंना सांगायचंच आहे. पण तू एकटीने, रात्री जेवणं झाल्यावर, रडत सांगू नकोस. हे नवऱ्याने सांगायचं. त्याला आधीपासून माहीत होतं, आणि त्यांच्या मुलापासून काही लपवलेलं नव्हतं, हे त्यांना त्याच्याच तोंडून कळू दे. त्यांना पहिला राग येईल तो आजाराचा नाही, ‘मला परकं ठेवलं’ याचा. तो राग रास्त आहे. चार दिवस त्या गप्प राहिल्या तर राहू दे. मग पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांना सांग, यांच्याशी बोला. मी इतकी वर्षं बघितलंय, ज्या सासूला ओपीडीत खुर्ची देऊन समजावून सांगितलं, ती घरी जाऊन सुनेच्या औषधाच्या वेळा सांभाळते. तुला काय बोलायचं हे सुचत नसेल तर एवढंच बोल: ‘आई, माझं रक्त लवकर गोठतं. औषध घेतलं की मी आणि बाळ दोघं नीट राहतो. तुमची मदत लागणार आहे, म्हणून सांगते.’

मदत लागणार आहे हे खरंच आहे, आणि ती सगळ्यात जास्त लागेल ती बाळंतपणानंतर. या पत्रात मला मुख्य सांगायचंय ते हेच.

गरोदरपणात प्रत्येक बाईचं रक्त जास्त गोठायला लागतं. बाळंत होताना फार रक्त जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. गोठवणारे घटक वाढतात, आणि प्रोटीन एस तर निरोगी बाईतही कमी होतं. शिवाय वाढती पिशवी पोटातल्या शिरांवर दाब देते. म्हणून एरवीपेक्षा गुठळीचा धोका चार-पाच पट होतो. तरीही साधारण हजार गरोदर बायकांत एखाद-दोघींनाच ती होते. गरोदरपणातली गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते, कारण डाव्या पायाची मुख्य शीर पोटात एका धमनीखालून जाते आणि तिथे दबते. हे नऊ महिने सगळे तुझ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतील. पण रोजचा धोका सर्वांत जास्त असतो तो बाळ झाल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, आणि तेव्हा सगळ्यांची नजर पाळण्याकडे वळलेली असते.

सहा आठवडे आणि सव्वा महिना यांत जेमतेम चार-पाच दिवसांचा फरक आहे. हा काळ नाजूक आहे हे आपल्या आज्या-पणज्यांनी बरोबर ओळखलं होतं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. शेतात, विहिरीवर राबणाऱ्या बाईला तेवढेच दिवस पाठ टेकायला मिळायचे. पण खाटेवरून उतरू न देणं, शेक-शेगडीने घाम काढणं, ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ म्हणत तहान मारायला लावणं, हे तुझ्यासारखीला घातक आहे. पडून राहिलं की पायातलं रक्त साचतं. चालताना पोटरी आवळली जाते तेव्हाच ते वर ढकललं जातं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त आणखी दाट होतं. बाळंतिणींच्या मेंदूतल्या शिरांमध्ये होणाऱ्या गुठळ्या आपल्या देशातले डॉक्टर फार वर्षांपासून बघत आले आहेत, आणि त्यांत पाणी तोडायच्या या चालीचाही हात मानला जातो.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी ज्या रुग्णालयात होते, तिथून आम्ही एका मुलीला बाळंतपणानंतर घरी सोडलं. मीच तिला म्हटलं होतं, आता भरपूर आराम कर. अठराव्या दिवशी तिचा पाय सुजला. घरच्यांना वाटलं वात धरलाय. मालिशवाल्या बाईने दोन दिवस तेल लावून पाय जोर देऊन चोळला. तिसऱ्या दिवशी ती धापा टाकत आमच्याकडे आली आणि तासाभरात गेली. बाळ तिच्या आईच्या मांडीवर होतं. त्यानंतर माझ्या हातून घरी गेलेल्या एकाही बाळंतिणीला मी नुसतं ‘आराम कर’ म्हटलेलं नाही.

म्हणून तुझ्या आईला सांग: डिंकाचे लाडू कर, आळिवाची खीर कर, बाळाला तू न्हाऊ-माखू घाल, रात्री बाळ तू घे म्हणजे हिची झोप होईल. हे सगळं सोनं आहे. पण बाळ झाल्यावर डॉक्टर म्हणतील तेव्हा, बहुतेक त्याच दिवशी, ती उठेल, आणि मग रोज घरात तरी चालेल. पाण्याची बाटली तिच्या उशाशी असेल. पाय दुखत किंवा सुजत असेल तर त्याला मालिशचा हातसुद्धा लागणार नाही.

आणि हे सगळं दापोलीला नको, मुंबईत. माहेरची ओढ मला कळते. पण तुला रक्ताचे डॉक्टर, रक्तपेढी आणि रात्री दोन वाजता छातीचं सीटी स्कॅन करू शकणारं रुग्णालय हाताशी हवं. आईलाच भांडुपला बोलावून घे. दोन्ही आया एका स्वयंपाकघरात सहा आठवडे राहतील, थोडी भांडी आपटतील, पण तू डॉक्टरांजवळ असशील.

या आजारासाठी सिझेरियन करावं लागत नाही. उलट सिझेरियनने गुठळीचा धोका वाढतो, त्यामुळे दुसरं कारण असेल तरच. पण तारीख बहुधा ठरवून घेतील, कारण पूर्ण मात्रेच्या शेवटच्या सुईनंतर २४ तास गेल्याशिवाय पाठीत भूल देता येत नाही. आधीच कळा सुरू झाल्या तर पुढची सुई घेऊ नकोस, फोन कर आणि नीघ. भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट आठव्या महिन्यातच घे. बाळंतपणानंतर सुई कधी सुरू करायची, गोळीवर कधी यायचं हे तुझे डॉक्टर ठरवतील. बाळाला पाजताना हेपॅरिन चालतं आणि वॉरफरिनही चालतं. औषध चालू आहे म्हणून दूध तोडायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, आधी डॉक्टरांना विचार.

एक चिठ्ठी लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेव: नाव, आजार, औषध, मात्रा, वेळा, डॉक्टरांचा नंबर. सासूबाईंना आणि नवऱ्याला खुणा पाठ करायला लाव. एकच पाय सुजला, पोटरी किंवा जांघ दुखली, अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, किंवा बाळंतपणानंतर कधी नव्हे असं डोकं दुखलं, झटका आला, दिसायला धूसर झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ लावायचा किंवा रिक्षा पकडायची. ‘प्रोटीन एस कमी आहे, आधी दोनदा गुठळी झालीय’ हे वाक्य दारातच बोलायचं.

लोकलमध्ये उभं राहून ऑफिसला जाण्याने काही बिघडत नाही, धक्काबुक्कीपासून तेवढी जप. गणपतीला गावी जायचं असेल तर डॉक्टरांना विचारून आणि गाडीने नाही, कोकण रेल्वेने जा, म्हणजे डब्यात फेऱ्या तरी मारता येतील. महामार्गावर बारा-चौदा तास पाय दुमडून बसणं तुला परवडणार नाही. हरतालिकेचा निर्जळी उपवास यंदा करू नकोस, पुढेही नको.

राहिली बहीण. तिला आत्ता काही होत नाही म्हणून आई तपासणी टाळते आहे, लग्न मोडेल या भीतीने. त्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. पण तुला काय झालं ते आठव: तीन महिन्यांच्या इस्ट्रोजेनच्या, म्हणजे रक्त जास्त गोठवणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्या, आणि पायात गुठळी. तुझ्या बहिणीत तोच दोष असायची शक्यता निम्मी आहे, आणि श्रावणात तुझी पहिली मंगळागौर आहे. तू सहज लिहून गेलीस की तिची तारीख नेमकी त्याच दिवसांत येते, म्हणून ती केमिस्टकडून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणणार आहे. आपल्याकडे पूजा, सत्यनारायण, लग्न असलं की घराघरांत या गोळ्या चॉकलेटसारख्या घेतल्या जातात. त्यांतलं नॉरएथिस्टेरॉन या मात्रेत घेतलं की शरीरात त्याचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. ज्या घरात गुठळीचा इतिहास आहे, तिथल्या मुलीने त्या डॉक्टरांना न विचारता घ्यायच्या नाहीत.

तपासणी साध्या रक्ताची आहे. ती गरोदर नसताना आणि अशा गोळ्या चालू नसताना करायची, नाहीतर आकडा खोटाच कमी दिसतो. परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजी आहे, रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था. तिथे किंवा तुझ्या रक्ताच्या डॉक्टरांकडे विचार. दोष निघाला तरी तिला गुठळी झालेली नाही, म्हणून तुझ्यासारखं रोजचं औषध लागेलच असं नाही. तिला एवढंच ठाऊक हवं की कुठल्या गोळ्या टाळायच्या, आणि ऑपरेशन किंवा बाळंतपणाच्या वेळी कुणाला काय सांगायचं. हेच तुलाही लागू: बाळ झाल्यावर पाळणा लांबवायला इस्ट्रोजेनची गोळी नको, तांबी चालते. ‘अंतरा’चं गर्भनिरोधक इंजेक्शन द्यायला निघाले तर आधी रक्ताच्या डॉक्टरांना विचारा म्हणावं.

मंगळागौरीला तू फुगड्या घालू नकोस, एक तर तिसरा-चौथा महिना, त्यात पातळ केलेलं रक्त, पडलीस तर आत रक्त साचेल. बसून गाणी म्हण, मधेमधे उठून फिर, पाणी पीत राहा. पाळी आली तर बहीण पूजेच्या खोलीबाहेर बसेल, किंवा सासूबाई म्हणतील, बस गं, काही होत नाही. काहीही झालं तरी गोळी नको. तिने ती अजून आणली नसेल तर बरं. आजच फोन कर तिला.

तुझी,
डॉक्टरताई